वाऱ्याचा वेग

कुमुदिनी मगदूम बोलू लागल्या, की त्यांच्या कमरेच्या पेटीवरचा हिरवा ठिपका दर अक्षराला एकदा लुकलुके. 'पाणी' म्हणाल्या की दोनदा. 'नमस्कार' म्हणाल्या की चारदा. शर्वरी आवटीने हे मुद्दाम मोजलं नव्हतं; पडदा बघून शिणलेल्या डोळ्यांसमोर हलणारी तेवढी एकच गोष्ट होती. मग बाई मुलाकडे वळून एक वाक्य बोलल्या, आणि त्यातल्या एका शब्दाशी ठिपका लागला, अक्षरभर विझलेलाच राहिला, आणि पुन्हा लागला.

"मला वेगळं बीड करायचंय," पेटी म्हणाली.

"बीड?" भरतेश हसला. "आई, बीडला कोण आहे आपलं?"

बाईंनी जोरात मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पेटीनेही पुन्हा तेच म्हटलं.

"बरं, जाऊ या की बीडला." त्याने आईचा हात थोपटला आणि शर्वरीशी आवाज उतरवून बोलला. "हे असं मधूनच होतं, मॅडम. परवा म्हणाली, 'मला वावर सोडू नका.' आमचं वावर कधी नव्हतंच हो. वडील शाळेत होते."

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. कंटाळलेलं माणूस मिटतं तसे नव्हे. गर्दीत हाक मारूनही कुणी वळून बघत नाही तेव्हा मिटावेत तसे.

मिरजेच्या त्या पुनर्वसन केंद्रात अशा पेट्या चालत्या ठेवणं हे शर्वरीचं काम होतं. तत्त्व सोपं होतं. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढून टाकलं, तरी बोलण्याचा हुकूम मेंदूकडून निघतच राहतो. जीभ, जबडा, गळ्याचे स्नायू तो इमानाने पाळतात. फक्त आवाज व्हायचा राहतो. गळ्याला चिकटवलेली पारदर्शक पट्टी स्नायूंतले सूक्ष्म विद्युत्संकेत टिपते, पेटीतला संगणक त्यावरून अक्षरं ओळखतो आणि त्या माणसाच्याच जुन्या आवाजात ती वाजवतो. कुमुदिनीबाईंचा जुना आवाज शोधायला लांब जावं लागलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्या रेडिओवर निवेदिका होत्या. अर्ध्या जिल्ह्याच्या कानात तो आवाज होता.

मात्र हा आवाज पेटीत साठवायला कायद्याने बंदी होती. मधल्या काळात चोरलेल्या आवाजांनी इतका हाहाकार माजवला होता, वारलेल्या आयांचे फोन मुलांना येऊ लागले होते, की शेवटी माणसाचा आवाज हा त्याचा अवयवच मानला गेला. तो ठेवायचा फक्त परवानाधारक आवाजपेढीत. पेटीने तिथून अक्षरागणिक उसना घ्यायचा, वाजवायचा आणि विसरून जायचं. पेटी लिनक्सवर चालायची, आणि पेढीची आवाजांची डिरेक्टरी तिला नेटवर्कवरून जोडलेली असायची. पेटीला वाटे, हे आपल्याच भिंतीतलं कपाट आहे. खरं कपाट पुण्यात. त्यात प्रत्येक अक्षराची एक फाइल, आणि फाइलचं नाव म्हणजे तेच अक्षर. पेटी 'पा' मागे, पेढी 'पा' देई, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होऊन जाई.

एखादी फाइल मिळाली नाही तर पेटीने अडून बसायचं नाही, पुढे जायचं, असं ठरवलेलं होतं. अडून बसली असती तर माणूस वाक्याच्या मध्यावर मुका झाला असता. पुढे जाताना ती दोन्ही बाजूंची अक्षरं इतक्या सफाईने सांधी, की मध्ये काही गळलं आहे हे कानाला कळतच नसे.

दुपारी समिती बसणार होती. ज्यांचा आवाज गेला, त्यांच्या वतीने बोलायला कायदा एक वाचाप्रतिनिधी नेमून देई. कुमुदिनीबाईंचा प्रतिनिधी भरतेश होता. बाई पेटीने नीट, सुसंगत बोलू शकतात असं समितीला पटलं तर त्याचं काम आजच संपणार होतं. नाही पटलं तर ते कायमचं होणार होतं. मग बाईंनी कुठे राहायचं, काय ठेवायचं, काय विकायचं, हे सगळं भरतेशच्या तोंडून ठरणार होतं. तो प्रेमळ होता, आणि पुढच्या महिन्यात कुटुंबासह बंगळूरला जाणार होता. आईसाठी तिथे कोपऱ्यातली हवेशीर खोली त्याने बघूनही ठेवली होती.

"त्यांना विचारलंत?" शर्वरीने सहज विचारलं.

"विचारायचं काय त्यात? एकटी कशी राहील?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "ऑपरेशनच्या आधीपासून म्हणते, एक सांगायचंय, सवडीने सांगते. बाबा होते तेव्हापासून म्हणते. ती सवड काही येत नाही बघा."

बाहेर व्हरांड्यात डॉ. सौंदत्ते भेटले. वाचा-उपचार विभाग त्यांचा.

"मी अहवालात 'मधूनमधून असंबद्ध' असं लिहिलंय," ते म्हणाले. "लिहावं लागलं. मोठी भूल, वय, एकटेपणा. होतं असं."

"सर, यंत्राचा दोष असला तर?"

"दसऱ्यानंतर पेढीने सर्व्हर बदलला तेव्हा तूच सगळं तपासलंस ना?"

तपासलं होतं. पेढीचं सामान नव्या सर्व्हरवर गेलं, त्या दिवशी सगळ्या पेट्या एकदम ठप्प झाल्या होत्या. कपाट हललं होतं, पण पेट्यांच्या हातात जुन्याच कपाटाची मूठ होती. शिळं हँडल म्हणतात त्याला. शर्वरीने एकेक पेटी सोडवून नव्याने जोडली. ठिपके हिरवे झाले. कुमुदिनीबाईंची पेटी तर त्यानंतरचीच होती, कोरी करकरीत.

"समिती बसेपर्यंत मला ती पेटी द्या," ती म्हणाली.

"पेटी घे. पण बाईंना पाटी देऊ नकोस. लिहायची सोय दिसली की गळा शिकत नाही. माझा नियम आहे."

जोडणी ठीक होती. परवानग्या ठीक होत्या. पेढीकडून उत्तर यायला लागणारा वेळ नेहमीचाच. नोंदी उघडल्यावर मात्र एक ओळ पुन्हा पुन्हा दिसू लागली: अशी फाइल नाही. अशी फाइल नाही. कुठली, ते नोंदीत येत नव्हतं. कोण काय बोललं हे उमटू नये म्हणून नावं झाकलेली असत. कायदाच तसा.

शर्वरी खुर्ची ओढून बाईंसमोर बसली. "मावशी, तुम्हाला तोंडपाठ असलेलं काहीतरी बोला. विचार न करता येईल असं."

बाईंनी पाठ ताठ केली. हात मांडीवर नीट ठेवले, जणू समोर माइक आहे. आणि पेटीतून तो आवाज आला; गोल, संथ, शेवटच्या अक्षरालाही पुरेल इतका श्वास राखणारा.

"हवामान. आकाश अंशतः ढगाळ राहील. वाचा वेग ताशी वीस किलोमीटर राहण्याची शक्यता आहे."

शर्वरीचा हात थांबला.

तासगावकडे शर्वरीच्या घरचं बेदाण्याचं शेड होतं. मोसमात जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली असत, आणि संध्याकाळी या आवाजाची वेळ झाली, की तिचे वडील हात वर करून सगळ्यांना गप्प करत. वाऱ्याचा वेग. त्या एका ओळीवर जाळ्या झाकायच्या की उघड्या ठेवायच्या हे ठरे. लहानपणी भातुकली खेळतानाही शर्वरी तीच ओळ म्हणे, तशीच ठसक्यात, 'ऱ्या'वर किंचित रेलून.

वाऱ्याचा वेग. वाचा वेग.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "'वावर सोडू नका' नव्हतं ना ते? 'वाऱ्यावर' म्हणत होतात तुम्ही?"

बाईंनी मान हलवली. एकदाच, सावकाश.

भरतेश खिडकीशी उभा होता. तो जवळच्या स्टुलावर बसला, आणि बसल्यावर आपण कशाला बसलो हे न कळल्यासारखा हातांकडे बघत राहिला.

"आधी का नाही सांगितलंत?" शर्वरीने विचारलं.

"सांगितलं," पेटी म्हणाली. "डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, येत नाही."

"काय येत नाही?"

"येत नाही," पेटी म्हणाली. ठिपका आधी एक अक्षरभर विझलेला होता.

'ऱ्या येत नाही' असं बाई म्हणाल्या असणार, पेटीने 'येत नाही' एवढंच उच्चारलं असणार, आणि डॉक्टर म्हणाले असणार, येईल, सरावाने येईल. शर्वरीला हसू आलं. बाईंनाही आलं; आवाज नसलेलं, खांदे हलवणारं हसू.

मग एकदम शर्वरीच्या ध्यानात आलं, बीड म्हणजे काय. शब्द तिच्या ओठांवर आला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मांडीवरची तर्जनी किंचित हलवली: नको. तो शब्द त्यांचा होता. शर्वरीने तो गिळला आणि पेढीला फोन लावला.

पेढीत तन्वीर मुल्ला होता. मूळचा कुपवाडचा, पुण्यात जाऊनही बोलण्यातला 'की' न सुटलेला.

"इकडून सगळं हिरवं आहे, मॅडम."

"तुमचं नेहमीच हिरवं असतं. मगदूम बाईंच्या डिरेक्टरीत 'ऱ्या' आहे का, बघ."

"आहे की. 'ऱ्या' आहे, 'ऱ्हा' आहे, 'ऱ्ह' आहे. झकास आवाज आहे बाईंचा."

शर्वरीने पेटीवरून डिरेक्टरीची यादी काढली. 'ऱ्या' तिलाही दिसलं. तिने ते नाव टंकून फाइल मागितली. अशी फाइल नाही. मग यादीतलंच नाव उचललं, जसंच्या तसं चिकटवलं आणि पुन्हा मागितलं. छोट्या स्पीकरमधून कुमुदिनीबाईंचा आवाज स्पष्ट म्हणाला, "ऱ्या." पुन्हा स्वतः टंकलं. अशी फाइल नाही.

पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक होत्या. दोन्हींत तेच अक्षर, तीच पापणीसारखी रेघ. डोळ्याला काडीचा फरक दिसत नव्हता.

"तन्वीर, नाव वाचू नकोस. नावाचे आकडे वाच."

संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याला आकड्यांची एक माळ दिसते, आणि ती माळ पडद्यावर कशी रंगवायची हे तो फाँटवर सोपवतो. तन्वीर आकडे वाचू लागला, शर्वरी स्वतःच्या ओळीशी ताडून बघू लागली. पहिल्याच आकड्याला दोघंही अडले.

"अरे," तन्वीर म्हणाला.

पापणीचा र लिहायच्या दोन रीती होत्या. एकीत त्या र-साठी ठेवलेलं वेगळंच चिन्ह वापरायचं. दुसरीत आपला साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारा जोडक ठेवायचा. कागदावर दोन्ही एकच. रेडिओच्या जुन्या ध्वनिफिती कापून अक्षरांच्या फाइली ज्यांनी केल्या, त्यांच्या कळफलकात दुसरी रीत होती. पेटी मागायची पहिल्या रीतीने.

"जुन्या सर्व्हरवर कुणीतरी शहाण्या माणसाने तक्ता केला होता," तन्वीर शोधता शोधता सांगत होता. "दोन्ही नावं आली तर एकच समज, असा. नव्यावर तो आलाच नाही. चाचण्या सगळ्या हिंदीत झाल्या, मॅडम. हिंदीला ही पापणी लागतच नाही. सगळं पास."

"आणि बाकीच्या मराठी पेट्या?"

"मोजक्याच आहेत अजून. तक्रार केलीही असेल त्यांनी. आपल्याला काय ऐकू आलं असेल, कोण जाणे."

शर्वरीच्या मनात तेच चाललं होतं. 'दुसऱ्या'चं 'दुस' होई, तेव्हा लोक समजून घेत, गळा अजून तयार नाही म्हणत. घोटाळा तिथे होई, जिथे उरलेल्या अक्षरांचाच एखादा अस्सल शब्द तयार होई. मग माणूस अडखळलेला वाटत नसे. भ्रमिष्ट वाटे.

"फाइलींची नावं बदल," ती म्हणाली.

"बदलता येत नाही. आवाजाला हात लावायचा तर दिल्लीहून परवानगी. महिना जाईल." फोनवर कळा वाजल्या. "पण त्याच फाइलीला आणखी एक नाव देता येतं. माहेरचं तसंच राहू दे, सासरचं वेगळं देऊ. आवाज जिथल्या तिथे. ते माझ्या अखत्यारीत आहे."

"मग दे ना, बाबा."

"देतोय. बारसं चालू आहे. पेढे लागतील."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "झालं."

शर्वरीने बाईंना खूण केली. बाईंनी पुन्हा पाठ ताठ केली.

"वाचा वेग," पेटी म्हणाली.

दारातून डॉ. सौंदत्ते डोकावले. "समिती आली आहे. चहा घेतायत. तेवढाच वेळ आहे."

भरतेश उठून उभा राहिला. "मॅडम, जाऊ दे. मी सांगतो त्यांना, आईला सगळं कळतं म्हणून."

"तुम्ही नका सांगू," शर्वरी म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून ते जरा कडक निघालं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. पेढीत नाव आहे. पेटी ते नाव बरोबर मागते आहे. तरी नाही म्हणते. कोण नाही म्हणतं? पेढी म्हणत नाही. पेढीपर्यंत विचारणा जातच नाही. पेटीच म्हणते आहे. माणसाचा आवाज काही रोज बदलत नाही, म्हणून वेग साधायला पेटीला एक सवय लावलेली होती: आवाज विसरायचा, पण ते नाव आहे की नाही हे एकदा मिळालेलं उत्तर बराच काळ लक्षात ठेवायचं, पुन्हा पुन्हा पेढीचं दार वाजवायचं नाही. 'आहे' हे उत्तर तिने ध्यानात ठेवलं होतं, तसंच 'नाही' हेही ठेवलं होतं. मागे कधीतरी ऐकलेला नकार ती आजही इमानाने सांगत होती.

तो विसरायला लावायचा, तर जोडणी सोडवून पुन्हा बांधायची. शर्वरीने आज्ञा दिली. पेटीने उत्तर दिलं: वापर चालू आहे, सोडवता येत नाही.

"मावशी, बोलू नका."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. वापर चालू आहे.

"मनातही नका बोलू. तुम्ही मनात काही म्हणताय. गळ्याला ते कळतं, पट्टीला कळतं, आणि पेटी अक्षरं मागत बसते."

बाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच गोंधळ दिसला. आयुष्यभर बोलण्याची तयारी करण्यात गेलेल्या बाईला मनातही गप्प राहायला सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. भरतेश जवळ आला, आणि लहानपणी तापात आई त्याच्यासाठी जे करत असे, तेच त्याने केलं: तळहात तिच्या कपाळावर ठेवला. बाईंचे खांदे उतरले. गळ्याच्या पट्टीखालची बारीक थरथर शांत झाली.

शर्वरीने कळ दाबली. जोडणी सुटली. हिरवा ठिपका विझला. तिने पुन्हा जोडली, आणि ठिपका लागला.

"आता म्हणा."

"वाऱ्याचा वेग," कुमुदिनी मगदूम म्हणाल्या, "ताशी वीस किलोमीटर."

व्हरांड्यात चहाचे कप घेऊन जाणारी बाई दारापाशी थबकली. "अगं बाई, हवामानवाल्या बाई," ती म्हणाली, "ह्या अजून आहेत होय?"

"आहे ना," कुमुदिनीबाई म्हणाल्या. आणि मग, नुसतं चवीसाठी, एकामागून एक: "पायऱ्या. दऱ्या. कऱ्हाड. गुऱ्हाळ. दुसऱ्या. तिसऱ्या. साऱ्या." ठिपका एकही अक्षर न चुकता लुकलुकत राहिला. फोन चालूच होता. पलीकडून तन्वीर म्हणाला, "मॅडम, पेढे कुपवाडला पाठवा," आणि शर्वरीला स्वतःचंच हसणं ऐकू आलं, मोठ्याने, खोलीभर.

समितीत तिघं होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांनी अहवालातली 'असंबद्ध' ही नोंद वाचून दाखवली. डॉ. सौंदत्ते उठून उभे राहिले. ती नोंद आपण मागे घेतो, म्हणाले. दोष बाईंचा नव्हता, आपल्या ऐकण्याचा होता. एवढंच बोलून ते बसले, आणि शर्वरीला ते त्या क्षणी पूर्वीपेक्षा मोठे वाटले.

बाईंना वाचायला उतारा दिला. त्यांनी तो असा वाचला, की वाचून संपल्यावरही अध्यक्ष मिनिटभर पेन हातात घेऊन नुसते ऐकत असल्यासारखे बसले. मग प्रश्न. नाव, गाव, आजचा वार, काल काय जेवलात. बाई म्हणाल्या, काल मुगाची खिचडी होती आणि मीठ कमी होतं, लिहून घ्या.

"शेवटचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "यापुढे वाचाप्रतिनिधीची गरज आहे असं तुम्हाला वाटतं का? पुढे कुठे राहणार, कसं राहणार, याचा काही विचार केला आहे?"

"आईचं म्हणणं असं आहे, साहेब..." भरतेशने सवयीने सुरुवात केली. आणि थांबला. त्याने आईकडे पाहिलं, मग कमरेच्या ठिपक्याकडे, आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

"बोल, आई," तो म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी लगेच तोंड उघडलं नाही. निवेदन सुरू करण्याआधी त्या घेत, तेवढा एक विराम घेतला. भिंतीशी उभ्या असलेल्या शर्वरीला पट्टीखालचे स्नायू एकदा ताणले जाताना दिसले.

"स्टेशनरोडची माझी दोन खोल्यांची जागा मी ऑपरेशनच्या आधीच मोकळी करून घेतली आहे," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा होते तेव्हापासून सांगेन सांगेन म्हणत होते. आधी तुझं शिक्षण, मग तुझं लग्न, मग नातू, मग हा गळा. तू बंगळूरला जा, सुखाने जा. सुट्टीत सगळे माझ्याकडे या." भरतेशच्या ओठांवर प्रश्न होता. तो त्यांनी हात वर करून थांबवला, अगदी शर्वरीचे वडील शेडवर सगळ्यांना थांबवत तसा. "आणि बीड नव्हे रे, राजा. बिऱ्हाड. मी इथे, मिरजेत, माझं वेगळं बिऱ्हाड करणार आहे."